रिपोर्ट नॉर्मल, डोळे मात्र जळतात

आमच्या विहारात रविवारच्या वंदनेला माझी भाची दाराशी बसते. मेणबत्तीचा आणि अगरबत्तीचा धूर तिला सोसत नाही. पंखा अंगावर आला की ती ओढणी डोळ्यांवर ओढते. चार वर्षांपूर्वी हिनेच लेझर करून चष्मा काढला, तेव्हा वस्तीतल्या बायका तिला जवळ बोलावून बघायच्या, "किती छान दिसतात गं डोळे आता!" आज त्याच बायका म्हणतात, "चष्मा गेला आणि नखरा आला."

पण मी लिहायला बसले ते त्या बायकांवर रागावून नाही, स्वतःवर रागावून. महापालिकेच्या रुग्णालयात मी २७ वर्षं परिचारिका होते, त्यातली शेवटची सहा वर्षं डोळ्यांच्या ओपीडीत. शस्त्रक्रियेनंतर सात-आठ महिन्यांनी ही पोरगी माझ्याकडे रडत आली. "मावशी, डोळ्यात मिरची गेल्यासारखं होतंय, रात्री झोप नाही." मी तिची फाईल उघडली. नजर सिक्स बाय सिक्स. डोळा पांढरा स्वच्छ. पापुद्रा नीट बसलेला. मी म्हटलं, "सगळं नॉर्मल आहे बाळा, मनावर घेऊ नकोस."

डॉक्टरांनीही तिला तेच सांगितलं होतं. पुढे सासरच्यांनीही तेच सांगितलं. एकाच पोरीला इतकी माणसं सांगत होती की तुझं दुखणं नाहीच. तिच्या परवानगीने हे लिहिते आहे. माझं म्हणणं एवढंच की हे दुखणं खरं आहे, त्याला शरीरातलं कारण आहे, आणि ते शस्त्रक्रियेच्या आधी सांगितलं जायला हवं.

आधी हौसेबद्दल बोलू, कारण "हौस केली, आता भोगा" हे वाक्य मी खूपदा ऐकलंय. तिचा नंबर उणे पाच होता. शाळेत तिला ढापणी म्हणत. दोन स्थळं चष्म्यावरून परत गेली. एका दुकानात काऊंटरवर नोकरी मिळत होती, तिथे मालकाने तोंडावर सांगितलं की चष्मा चालणार नाही. तिच्या आईने बचत गटातून कर्ज काढलं, उरलेले पैसे कानातले मोडून उभे केले. याला हौस म्हणायचं? मुलांचंही तसंच. भरतीची तयारी करणारी पोरं नंबर काढायला लेझर करतात आणि जाहिरात नंतर वाचतात. रेल्वेत लोको पायलटच्या भरतीत लॅसिक झालेला उमेदवार अपात्र धरला जातो, हे जाहिरातीत लिहिलेलं असतं. पैसे जातात, डोळ्यावर सुरी फिरते आणि नोकरीही हातची जाते. प्रत्येक खात्याचा नियम वेगळा, आणि तो बदलतोही. म्हणून आधी जाहिरात शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची, डॉक्टरांचा विचार त्यानंतर.

आणि एक सांगू? आपल्या प्रत्येक घराच्या भिंतीवर चष्मा लावलेला माणूस आहे. लहान पोराला बाबासाहेबांचं चित्र काढायला सांगा, ते आधी गोल चष्मा काढेल, मग निळा कोट. शेवटच्या वर्षांत त्यांची नजर फार क्षीण झाली होती, तरी 'बुद्ध आणि त्याचा धम्म'चं काम त्यांनी सोडलं नाही. त्या फोटोला हार घालणारे आपण मुलगी बघायला पाहुणे आले की तिचा चष्मा कपाटात लपवतो. लेझरच्या दुकानदारीला आपण दोष देतो, पण गिऱ्हाईक आपणच पाठवतो.

आता डोळ्यात काय होतं ते बघू. काळ्या बुबुळावर घड्याळाच्या काचेसारखा पारदर्शक पडदा असतो, त्याला कॉर्निया म्हणतात. मध्यभागी त्याची जाडी साधारण अर्धा मिलिमीटर. लॅसिकमध्ये या पडद्याचा वरचा पातळ पापुद्रा कापून पुस्तकाच्या पानासारखा उलटतात, खालचा भाग लेझरने नंबराच्या हिशोबाने झिजवतात आणि पान पुन्हा मिटतात. टाका नाही. दोन्ही डोळे अर्ध्या तासात होतात, माणूस त्याच दिवशी घरी येतो. म्हणूनच ते फार सोपं वाटतं.

या पडद्यात रक्ताची एकही नस नाही, पण संवेदनेच्या नसा इतक्या दाट आहेत की कातडीच्या तुलनेत शेकडो पट. बारीक धूळ गेली तरी जीव कासावीस होतो तो याचमुळे. या नसांचं दुसरं कामही आहे. डोळा सुकायला लागला की त्या मेंदूला कळवतात आणि मेंदू पाणी सोडायला लावतो. पापुद्रा कापताना आणि लेझर मारताना या नसा तुटतात. मग टाकी भरलेली, नळ शाबूत, पण चावीवाल्यापर्यंत निरोपच जात नाही, अशी गत होते. म्हणून लॅसिकनंतर सुरुवातीचे काही आठवडे ते काही महिने डोळे कोरडे पडणं अगदी नेहमीचं. बहुतेकांच्या नसा सहा महिने ते वर्षभरात पुष्कळशा वाढून येतात आणि त्रास उतरतो. पापुद्रा न उलटता लहान छेदातून करायची पद्धतही आता आहे. तिच्यात नसा कमी तुटतात, पण तुटतात.

प्रश्न उरलेल्यांचा आहे. काहींच्या नसा पूर्ण वाढत नाहीत आणि कोरडेपणा वर्षानुवर्षं राहतो. काहींच्या नसा वाढतात, पण बिघडून वाढतात. घाईत जोडलेली वायर शॉर्ट होते तसं. मग कोणी बेल दाबलेली नसली तरी ती वाजत राहते. साधा वारा, ट्यूबलाईटचा उजेड, पापणीची उघडझाप, यानेही आग होते, टोचतं, कपाळात ठणका लागतो. आणि बाहेरून बघणाऱ्याला काहीच दिसत नाही.

ओपीडीत आम्ही डोळ्यात पिवळा रंग टाकून निळ्या उजेडात बघायचो. पडदा ओरखडला असेल तर तिथे रंग धरतो, चमकतो. भाचीच्या डोळ्यात रंग धरत नव्हता, म्हणून मी तिला नॉर्मल म्हटलं. पण त्या यंत्रात ओरखडा दिसतो, दुखणं दिसत नाही. बोस्टनचे नेत्रतज्ज्ञ पेरी रोझेंथल यांनी सहकाऱ्यांसोबत २००९ मध्ये नेमका हाच विषय मांडला होता, की डाग नसताना होणारं कॉर्नियाचं दुखणं खरं असतं का. त्यांचं उत्तर होतं की असतं, आणि ते नसांचं दुखणं आहे. हे मला नोकरीत असताना कोणी शिकवलं नाही. मीही वाचलं नाही, ही माझी चूक.

एक साधी चाचणी आहे. डोळा बधिर करायचा थेंब, जो दाब मोजताना टाकतात, तो टाकून विचारायचं की आता दुखतंय का. दुखणं पूर्ण थांबलं तर त्याचं मूळ डोळ्याच्या पृष्ठभागावर. बधिर करूनही दुखत राहिलं तर दुखण्याच्या वाटा आत मेंदूपर्यंत बिघडल्या आहेत असं समजायला जागा आहे, आणि मग नुसत्या थेंबांनी भागत नाही. ही चाचणी दवाखान्यातच करायची. तो थेंब घरी आणून टाकायचा विचारही करू नका. वारंवार टाकला तर पडद्याला जखम होऊन डोळा जाऊ शकतो.

ज्या अमेरिकेत ही शस्त्रक्रिया गाजली, तिथेही लोकांना आपलं ऐकवण्यासाठी भांडावं लागलं. एप्रिल २००८ मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, जाहीर सुनावणी घेतली. लॅसिकने त्रास झालेल्यांनी आणि त्यांच्या घरच्यांनी तिथे उभं राहून सांगितलं. पुढे सरकारी पातळीवर अभ्यास झाला, तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. आधी कोरडेपणाची काही तक्रार नव्हती अशांपैकी २८ टक्क्यांपर्यंत लोकांना तीन महिन्यांनंतर कोरडेपणाची लक्षणं होती. त्याच अभ्यासात बहुसंख्य लोक आपल्या नजरेवर खूश होते, हेही खरं. मॉरिस वॅक्सलर हे तर एफडीएत असताना या लेझरांना मान्यता देणाऱ्या शाखेचे प्रमुख होते. त्यांनीच नोकरी सोडल्यावर २०११ मध्ये ही मान्यता मागे घ्या असा अर्ज केला. अर्ज मंजूर झाला नाही. पण २०२२ मध्ये एफडीएने मसुदा काढला की रुग्णाला हे धोके आधी स्पष्ट लिहून द्यावेत, त्यात कोरडेपणा आणि टिकून राहणारं दुखणंही होतं.

मी लॅसिकच्या विरोधात नाही. माझ्या ओळखीत लेझर करून सुखी असलेले लोक जास्त आहेत. माझा विरोध "दहा मिनिटांचं काम, काही होत नाही" या वाक्याला आहे. पाच-दहा टक्के सूट, जोडीने आलात तर आणखी सूट, अशी पाटी मी पाहिली आहे. डोळ्याची सुट्या भावाने विक्री चालते आणि त्या पाटीवर कोरडेपणाचा क सुद्धा नसतो.

भाचीची फाईल मी नंतर नीट वाचली. संमतीपत्र चार पानी, सगळं इंग्रजीत, आणि खाली तिची सही मराठीत. कोरडेपणाबद्दल त्यात एक ओळ होती. ती कोणी तिला वाचून दाखवली नव्हती. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली यांच्या खटल्यात सांगितलं आहे की उपचार काय, त्याला पर्याय काय आणि त्यातले मोठे धोके काय, हे कळून दिलेली संमती हीच संमती. सही म्हणजे संमती नव्हे. आपल्या माणसांना तर हे कोणी शिकवायला नको. न वाचता अंगठा उठवून किती जमिनी गेल्या हे आजोबांनी आपल्याला सांगितलेलं आहे. तेव्हा कागद घरी मागून घ्या, शिकलेल्या कोणाकडून मराठीत वाचून घ्या, दोन दिवसांनी सही करा. दोन दिवसांनी नंबर वाढत नाही. शस्त्रक्रियेनंतर कागदपत्रांची प्रतही तुमचा हक्क आहे. लेखी मागितल्यावर डॉक्टरांनी ७२ तासांत ती द्यायला हवी, असा २००२ पासूनचा नियम आहे.

शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांना तुमची जी गोष्ट सांगितली पाहिजे ती बहुतेकजण सांगत नाहीत, कारण डॉक्टर नको म्हणतील ही भीती. भाचीला आधीपासून संध्याकाळी डोळे चुरचुरायचे. ती बोलली नाही. आधीच कोरडे असलेले डोळे हा सगळ्यात मोठा इशारा आहे. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनोइनच्या गोळ्या चालू असतील तर त्यानेही डोळे सुकतात. संधिवात असेल, अंगात दुसरीकडे कुठे जुनं न थांबणारं दुखणं असेल, अर्धशिशी असेल, साखर ताब्यात नसेल, बाई गरोदर किंवा अंगावर पाजणारी असेल, वर्षभरात नंबर बदललेला असेल, तर सांगा. अश्रू मोजायची चाचणी मागा. पापणीत कागदाची पट्टी पाच मिनिटं ठेवतात, काही दुखत नाही. पडद्याची जाडी आणि आकार मोजल्याशिवाय तर हात लावूच देऊ नका. पडदा पातळ किंवा शंकूसारखा पुढे येत असेल तर लॅसिकने नजर कायमची बिघडू शकते. आणि डॉक्टर नाही म्हणाले तर दुसऱ्या दवाखान्यात जाऊन हो मिळवू नका. नाही म्हणणारा डॉक्टर पैसे सोडत असतो, त्याचं ऐकावं.

ज्यांची शस्त्रक्रिया होऊन गेली आणि त्रास चालू आहे, त्यांना मला जास्त सांगायचं आहे.

"डोळ्यातून तर पाणी गळतंय, मग कोरडे कसे?" हा प्रश्न घरोघरी येतो. सुकलेला डोळा चिडून एकदम पाणी सोडतो. ते पाणी वाहून जातं, डोळ्यावर टिकत नाही. म्हणजे पाणी गळणं हे कोरडेपणाचंच लक्षण असू शकतं.

औषधाच्या दुकानातून लाल डोळ्याचा थेंब आणून महिनोन्महिने टाकणारे आपल्याकडे खूप. त्यातल्या कित्येक थेंबांत स्टेरॉईड असतं. दोन दिवस बरं वाटतं आणि आतून डोळ्याचा दाब वाढतो. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही, स्टेरॉईडने मोतीबिंदूही होतो. जुनी चिठ्ठी दाखवून पुन्हा तोच थेंब आणू नका. ओलाव्याचे थेंब वेगळे असतात. ते दिवसातून सहा-सात वेळा लागत असतील तर प्रिझर्वेटिव्ह नसलेले मागा, कारण ते टिकवायचं रसायनच नसांना आणि पडद्याला चिडवतं. महाग पडतात, हे मला माहीत आहे. सरकारी रुग्णालयात लिहून घेतले तर काही वेळा तिथल्याच औषधालयात मिळतात. विचारायला लाजू नका. गुलाबपाणी, मध, तूप, बाळंतिणीचं दूध यातलं काहीही डोळ्यात नको.

घरातलं सांगायचं तर पत्र्याच्या खोलीत पंखा बंद ठेव असं मी कोणाला सांगू शकत नाही. मे महिन्यात माणूस उकडून निघेल. पण झोपायची दिशा बदलता येते, पंख्याचा वारा पायाकडून घेता येतो. मोटारसायकलवर डिलिव्हरी करणाऱ्या पोरांनी काच असलेलं हेल्मेट किंवा बाजूने बंद असलेला गॉगल लावावा. फोन बघताना पापण्यांची उघडझाप निम्म्याने कमी होते, म्हणून मधूनमधून डोळे मिटून बसावं. स्वच्छ फडकं कोमट पाण्यात पिळून मिटलेल्या पापण्यांवर पाच-दहा मिनिटं ठेवलं की पापणीतल्या तेलाच्या ग्रंथी मोकळ्या होतात. डोळे चोळणं मात्र कायमचं सोडा. लॅसिकचा पापुद्रा जोराच्या माराने वर्षांनंतरही सरकू शकतो. डोळ्याला चेंडू, कोपर काही लागलं, एकाएकी अंधुक झालं, लाल होऊन घाण येऊ लागली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

एवढं करूनही आग थांबत नसेल, तर पुढचे उपचार आहेत. अश्रू वाहून जायची बारीक नळी बुचाने बंद करतात. सूज कमी करायला सायक्लोस्पोरिनचे थेंब देतात. तुमच्याच रक्तातून काढलेल्या सीरमचे थेंब बनवतात, त्यांनी नसा भरून यायला मदत होते. नसांच्या दुखण्याला गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन किंवा नॉरट्रिप्टिलिनसारख्या गोळ्या असतात. त्यातली एक नैराश्यावरही देतात, म्हणून चिठ्ठी बघून "मला वेडी ठरवलं" असं मनात आणू नका. ती इथे नसा शांत करायला असते. या गोळ्या आपल्या मनाने सुरू करायच्या नाहीत आणि एकदम बंदही करायच्या नाहीत. मुंबईत जे.जे., केईएम, सायन, नायर, पुण्यात ससून, नागपुरात मेडिकल, इथे डोळ्यांचे विभाग आहेत. तिथे जाऊन "कॉर्नियाच्या डॉक्टरांना दाखवायचंय" असं सांगा. मोठ्या रुग्णालयात भूल देणाऱ्यांच्या विभागाकडे पेन क्लिनिक असतं, तिथे पाठवा असंही म्हणता येतं. ओपीडीत दोन मिनिटं मिळतात, मी त्या टेबलाच्या पलीकडे उभी राहिले आहे. म्हणून दुखणं कधीपासून, कशाने वाढतं, रात्री किती वेळा जाग येते, कोणते थेंब झाले, हे एका कागदावर लिहून न्या. कागद हातात असलेल्या माणसाला डॉक्टर लवकर उठवत नाहीत.

शेवटी घरच्यांबद्दल. कोणीतरी भाचीच्या सासूला सांगितलं की हे मागच्या जन्मीचं असतं. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात हे बोललं गेलं! मागच्या जन्मीच्या कर्माचा हिशोब या जन्मी फिटतो, ही गोष्ट बाबासाहेबांनी धम्मातून बाहेर काढली, कारण त्याच हिशोबाने आपल्याला वेशीबाहेर ठेवलं होतं. त्यांनी सांगितलेल्या धम्माचा पाया दुःख आहे हे ओळखणं आणि ते दूर करणं हा आहे. पोटाच्या विकाराने घाणीत पडलेल्या भिक्खूला बुद्धांनी आनंदाच्या मदतीने स्वतः धुतलं, तेव्हा तुझं दुखणं कुठे दिसतं ते दाखव असं त्याला विचारलं नव्हतं.

सतत दुखणाऱ्या आणि कोणी न ऐकणाऱ्या माणसाच्या मनात जगणं नको असा विचार येतो. भाचीच्याही आला होता, हे तिने मला फार उशिरा सांगितलं. असं कोणी बोललं तर त्याला एकटं सोडू नका. १४४१६ या टेली-मानसच्या नंबरवर दिवसरात्र फुकट बोलता येतं, मराठीतही.

सध्या तिला सीरमचे थेंब चालू आहेत. ते गोठवून ठेवावे लागतात आणि तिच्या घरी फ्रीज नाही. म्हणून बाटल्या माझ्या फ्रीजरमध्ये, नातवाच्या पेप्सीकोल्याशेजारी असतात. एक संपली की ती दुसरी न्यायला येते. मी आता तिची फाईल मागत नाही. दहापैकी किती दुखतंय तेवढं विचारते. मागच्या वर्षी ती आठ म्हणायची. परवा चार म्हणाली.